सहाशे रुपयांत दोन गणवेश

जून उजाडला की माळशिरस तालुक्यातल्या नातेपुत्यात शाळेची लगबग सुरू होते, पाठोपाठ माउलींच्या पालखीच्या मुक्कामाची. वारीत पांढऱ्या सदऱ्यातला बागायतदार कोण नि सालगडी कोण, हे चटकन ओळखू येत नाही. जिल्हा परिषदेच्या वर्गात गणवेशाकडूनही हीच अपेक्षा असते.

ती पुरी व्हायला फार वर्षे गेली. समग्र शिक्षा अभियानातून पहिली ते आठवीच्या सर्व मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना दोन गणवेशांसाठी ६०० रुपये मिळत. उरलेल्या मुलांचे काय? त्यांच्यातही कोरडवाहू शेतकऱ्यांची, रोजंदारीवर जाणाऱ्यांची पोरे होतीच. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाला सरकारी कापड आणि दुसऱ्याला मोठ्या भावाचा विटका शर्ट, हा उघड अन्याय होता. २०२३ मध्ये राज्याने या मुलांनाही योजनेत घेतले.

पुढच्याच वर्षी ‘एक राज्य, एक गणवेश’ आले. कापड वरून येणार, शिलाई महिला बचत गटांकडे. मापे चुकली, कपडे रखडले. डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले गेले, ते बरेच झाले. गावातल्या शिंप्याला पोराला समोर उभे करून माप घेता येते.

पण कापड, शिलाई, बटणे हे सगळे एका जोडीला ३०० रुपयांत बसवायचे, तर कापड पातळच येणार. ऐपत असलेला बाप वर्षाच्या मध्यात नवी जोडी शिवून घेतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले पोर तीच ठिगळ लावून वापरते. ही रक्कम बाजारभावाप्रमाणे वाढायला हवी, आणि शाळा उघडण्याआधी समितीच्या खात्यात जमा व्हायला हवी.