उजवा हात, डावा हात

चि. सोनूस,


काल फोनवर तू बोधकथा मागितल्यास. महिनाभर पुरतील एवढ्या, रोज एक. परिपाठ नव्या बाईंच्या गळ्यात घालायची शाळांची रीत जुनीच आहे, माझ्याही गळ्यात तसाच पडला होता. मी 'देते' म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ट्रंकेतली वही शोधून काढली. लाकूडतोड्या आणि सोन्याची कुऱ्हाड, लांडगा आला रे आला, म्हातारी आणि भोपळा, सगळे जागच्या जागी आहेत. पण चाळता चाळता एका पानाशी अडले. ते फोनवर सांगवेना, म्हणून हे पत्र.

त्या पानावर लाकूडतोड्याची गोष्ट आहे आणि वर तारीख आहे वार्षिक तपासणीची. आदल्या दिवशी मी वर्गाची तालीम घेतली होती. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. युक्ती माझी नव्हे. आमच्या मोठ्या गुरुजींनी शिकवलेली, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. तपासणी झकास झाली. साहेबांनी विचारलं की हातांचं रान उभं राहायचं आणि मी बरोबर उजव्या हाताला उठवायची. शेरेबुकात 'वर्ग उत्साही आहे' असा शेरा मिळाला. फक्त खिडकीजवळची एक मुलगी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. साहेब गेल्यावर मी तिच्यावर खेकसले, "काल सांगितलं होतं ना?" ती म्हणाली, "पण बाई, मला येत नव्हतं."

मी तिला उभं करून ठेवलं. सकाळी प्रार्थनेनंतर लाकूडतोड्याची गोष्ट मीच सांगितली होती.

तुझ्या शाळेच्या भिंतीवर ती दहा मूल्यं रंगवलेली असतील. आमच्याकडे नव्वदच्या दशकात आली. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा. पाठ करून करून मुलांच्या आधी आमच्याच तोंडी बसली. यादी वाईट नाही, उलट संविधानाशी नातं सांगणारी आहे. पण मोजून बघ, प्रामाणिकपणा त्यात वेगळा नाही. ज्याने कुणी यादी केली त्याला शाळांची तपासणी चांगली माहीत असावी, असं मी गमतीने म्हणायची.

बी.एड.ला एक अमेरिकन अभ्यास शिकलो होतो, तुलाही असेल. 1920 च्या दशकात हार्टशोर्न आणि मे या दोघांनी सुमारे 11,000 मुलांची परीक्षा पाहिली. पेपर गोळा करायचे, उत्तरांची गुपचूप नोंद ठेवायची, मग पेपर मुलांनाच परत देऊन उत्तरसूची पाहून तपासायला लावायचे. कोणी उत्तर बदललं ते आपोआप कळायचं. निघालं असं की नीतीचे नियम किती ठाऊक आहेत यावरून मूल फसवेल की नाही हे फारसं सांगता येत नाही. एकच मूल एका ठिकाणी खरं वागतं, दुसऱ्या ठिकाणी नाही. आणि एका वर्गातली मुलं बरीचशी एकमेकांसारखी वागतात. मी हे परीक्षेत दहा मार्कांना लिहिलं आणि विसरले. ते आठवलं 'पण बाई' ऐकल्यावर, तेही बऱ्याच वर्षांनी.

म्हणून तू बोधकथांच्या आधी तुझ्या शाळेचा दिवस बघ. सकाळी झाडू कोणाच्या हातात असतो? माझ्या वर्गात मुली झाडायच्या आणि मुलगे बाकं सरकवायचे. 'मुलींना नीट जमतं' हे मीच म्हणायची, मग दहा वाजता समानतेवर सुविचार लिहायची. हजेरीपटात आधी सगळे मुलगे, मग सगळ्या मुली. खिचडी वाढायला कोण उभं राहतं आणि शेवटी कोण जेवतं? स्वच्छतागृहात पाणी ओतायला कोणाला पाठवतात, आणि नेहमी त्याच घरांतल्या पोरांना का? फळ्यावर काय लिहिलंय ते मुलं वाचतात न वाचतात. हे मात्र रोज बघतात, कुणी न सांगता.

गोष्टी सांगूच नकोस असं नाही म्हणत मी. साने गुरुजींचंच बघ ना. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते 1924 पासून सहा वर्षं होते, तिथलं छात्रालयही सांभाळायचे. मुलं वर्गात गेली की त्यांच्या खोल्या झाडून ठेवायचे. आधी झाडू, मग गोष्ट. 'श्यामची आई' आपण रडायचं पुस्तक करून टाकलंय, पण त्यातली आई नुसतं बोलत नाही, काम सांगते. रस्त्यात म्हातारीची मोळी पडलीय, म्हातारी महाराची आहे म्हणून कोणी हात लावत नाही, तर आई श्यामला म्हणते, जा, उचलून दे. आणि घरी येऊन आंघोळ कर, असंही सांगते. हे दुसरं वाक्य वर्गात वाचताना आम्ही गाळायचो. मला आता वाटतं, तेच मुलांना वाचून दाखवावं. आईला तिच्या काळात तेवढंच पुढे जाता आलं. तिचा मुलगा, म्हणजे साने गुरुजीच, मे 1947 मध्ये पंढरपूरला विठ्ठलाचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. आई चूक की बरोबर, हे सहावीच्या मुलांना विचार. उत्तर आपण द्यायचं नाही. हे सगळ्यात अवघड. बाईंची जीभ वळवळते.

केंद्रप्रमुखांना वहीत बोधकथा लागतातच, ते मला ठाऊक आहे. सव्वीस लिहून पाठवते, काळजी करू नकोस. लाकूडतोड्या त्यात नसेल. तो सांगितला की मला खिडकीकडे बघवत नाही.

ती मुलगी पुढे एका बँकेत कॅशियर झाली. दोन वर्षांपूर्वी पेन्शन काढायला गेले तेव्हा काउंटरवर दिसली. तिने ओळखलं, नमस्कार केला. मी माफी मागायचं मनात ठरवलं होतं. पण मागे रांग होती आणि ती नोटा मोजत होती. एकदा मोजल्या, परत मोजल्या.

झाडलोटीचा तक्ता नव्याने करशील तर मुलामुलींची नावं मिसळून लिही, आणि एका वारापुढे तुझंही घाल. तुमच्या दुसऱ्या गुरुजींना विचारून, नाहीतर आल्या आल्या भांडण व्हायचं. कुळथाचं पीठ एसटीने पाठवलंय, स्टँडवरून घेऊन जा.

तुझी,
मावशी