वाफसा आल्यावर

पेठ, ता. आंबेगाव
श्रावण

चि. ताईस,


काल फोनवर तू म्हणालीस, "दादा, मॅनिफोल्डचा तिसरा नट काही केल्या हलत नाही. आता पान्याला पाइपच लावते." मी "थांब" म्हणेपर्यंत रेंज गेली. म्हणून हे पत्र. बॉनेटवर ठेवून वाच, तेलाचे हात लागले तरी चालतील.

पाइप लावू नकोस. निदान उद्यापर्यंत तरी.

आप्पांची फियाट ११०० डिलाइट म्हणजे वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी. पुढे हीच पद्मिनी झाली. तिचं उत्पादन बंद होऊन वीसएक वर्षं उलटली. ३० ऑक्टोबर २०२३ला तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून कायमच्या गेल्या. तुला वाटेल, तुटला तर दहा रुपयांचा बोल्ट जाईल. पण बोल्ट तुटताना हेडातला आटा घेऊन जातो, आणि मग तसं हेड शोधत जुन्या बाजाराच्या चकरा सुरू होतात.

आपल्या पठारावर पाऊस उघडला म्हणून लगेच बटाट्याच्या रानात कोणी औत घालत नाही. चिखलात घातलं तर माती तुडवली जाते, रान फार वाळू दिलं तर ढेकळं निघतात. वाफसा यायची वाट बघावी लागते. बोल्टालाही वाफसा आणावा लागतो. त्याआधी तो का बसलाय ते बघ.

गंज ज्या लोखंडापासून होतो, त्याच्यापेक्षा जास्त जागा खातो. नट आणि स्टडच्या आट्यांत मुळात केसभर फट. ती गंजाने भरली की दोन्ही एकजीव होतात. मॅनिफोल्डचं तर विचारूच नको. दर फेरीला तापायचं, दर रात्री निवायचं, आणि गेली कित्येक वर्षं गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, बटाटे साठवायच्या आरणीशेजारी. पावसाळ्याचे चार महिने ओल सोबतीला होतीच.

आधी तारेच्या ब्रशाने उघडे आटे घासून काढ. गंज सोडवायचं तेल सोड. दुकानातलं नसेल तर डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल घाल. तेल बारीक फटीत आपणहून शिरतं, पण त्याला वेळ लागतो. संध्याकाळी सोड, रात्री सोड, सकाळी पुन्हा सोड. मधूनमधून हातोडीचे हलके ठोके दे, सरळ, तिरके नाहीत. गंजाची पापडी तडकते आणि तेलाला वाट मिळते.

पाना गोटीचाच घे, सहा कोनांचा. फिक्स पाना डोक्याला दोनच बाजूंनी धरतो. हे मी पैसे मोजून शिकलोय. तुझ्या वयाचा असताना जीपचा पाना फियाटला लावला होता. जीपचे पाने इंचाचे, फियाटचे मिलिमीटरचे. अकरा-सोळांश इंच म्हणजे १७.४६ मिलिमीटर. सतराच्या डोक्यावर तो बसतो, पण अर्धा मिलिमीटर सैल. दोन हिसक्यांत डोकं गोल झालं. मग मी पाइप लावला, आणि स्टड हेडाला लागून तुटला. वेल्डरने तुटक्या टोकावर नवा नट वेल्ड केला आणि तो तापलेला असतानाच हळूहळू फिरवून स्टड बाहेर काढला. आप्पा बोलले काहीच नाहीत. दिवसभर माझ्या शेजारी उभे होते, ते जास्त लागलं.

आता हाताचं. आधी सोडवायला जाऊ नकोस, जरासा आवळ. गंजाची पकड तुटायला दोन्ही दिशा सारख्याच. मग पाव फेरा सोड, तेवढाच परत आवळ, तेल घाल, पुन्हा सोड. करकर आवाज आला तर समज, गंज सुटतोय. आवाज न येता पाना रबरासारखा मऊ फिरायला लागला तर तिथेच थांब. तेव्हा नट सुटत नसतो, स्टड पिळवटत असतो. यापुढचा हिसका तोडायचाच.

एवढ्यानेही नाही ऐकला तर ऊब दे. पण आधी बॅटरी सोड, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर बाजूला काढ, सांडलेलं तेल पुसून घे. ज्योत नटावर धर, स्टडवर नको. नट फुगला की पकड सैल होते. ज्योत बाजूला करून गरम नटाला मेणबत्ती टेकव, मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. हेडाच्या बोल्टांना मात्र हा उपाय नको. ते इंजिन पूर्ण गार असतानाच, कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सगळे सैल करत काढायचे. नाहीतर हेड वाकतं.

तू म्हणालीस ना, वॉटर पंपाचे बोल्ट दोन बोटांनी निघाले? ते आप्पांनी लावलेले. प्रत्येक बोल्ट चिंधीने पुसायचे, आट्यांना ग्रीसचं बोट लावायचे, मगच हाताने फिरवायचे, पाना शेवटी. मॅनिफोल्ड एकदा प्रवासात बाहेर कुणीतरी कोरडाच आवळला होता, त्याची किंमत तू मोजते आहेस. तिथे साधं ग्रीस जळून जातं, तांब्याची किंवा ग्रॅफाइटची पेस्ट लाव. पुढे कधीतरी तो नट कोण उघडेल, तुला मला काय ठाऊक? पण त्याला पाइप लावावासा वाटू नये.

आईने बटाटे बाजूला काढून ठेवलेत, येशील तेव्हा ने. उद्या सकाळी चहाच्या आधी एकदा तेल सोड, मग फोन कर. आणि पाना फिरवताना फोन इंजिनाजवळ ठेव. करकर मलाही ऐकायची आहे.

तुझा,
दादा