इनामदार आडनावाची कैफियत

काही आडनावं ऐकली की समोरच्याचं काम एका शब्दात होतं. शेख म्हटलं, पठाण म्हटलं, कुलकर्णी म्हटलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. माझं आडनाव इनामदार. या आडनावानं समोरच्याचं काम होत नाही. तो थोडा थांबतो आणि दुसरा प्रश्न विचारतो. पुण्यात विचारतात, "म्हणजे देशस्थ का?" सातारा-सांगलीकडे विचारतात, "कुठले इनामदार?" उत्तरेकडचा मुसलमान मित्र विचारतो, "ये कौनसी जात हुई भाई?" मग पहिलं नाव सांगितलं की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपापल्या परीनं थोडं आश्चर्य दिसतं. भाड्याचं घर बघताना तर आडनावापर्यंत चहा येतो, आणि पहिलं नाव कळल्यावर "मालकांना विचारून कळवतो" येतं. हा अनुभव आमच्यापैकी पुष्कळांचा आहे, त्यावर अधिक लिहीत नाही. आज लिहायचं आहे ते आडनावाबद्दल. ते आलं कुठून, आढळतं कुठं, आणि आमच्यासारख्यांनी ते सांभाळावं का, याबद्दल.

आधी शब्द बघू. इनाम हा मूळ अरबी शब्द, अर्थ कृपा करणं, बक्षणं. नेमत, नईम ही त्याच धातूची भावंडं. सूरह फातिहात शेवटच्या आयतीत 'अनअम्त' हा जो शब्द येतो, तोही याच धातूचा, 'तू कृपा केलीस' या अर्थाचा. म्हणजे नुसत्या फर्ज रकाती धरल्या तरी दिवसातून 17 वेळा आपण हा शब्द तोंडानं म्हणतो. 'दार' हा फारसी प्रत्यय, अर्थ बाळगणारा, धरून ठेवणारा. हवालदार, सुभेदार, फौजदार, दुकानदार यांच्यात तोच आहे. अरबी शब्दाला फारसी शेपूट लागलं आणि त्याचं मराठी आडनाव झालं. यात धर्म कुठंच आलेला नाही. कोणाच्या तरी कृपेनं मिळालेली जमीन जो बाळगतो तो इनामदार, एवढाच अर्थ आहे.

आता ते कुठं आढळतं ते बघा. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, कर्नाटकातला बेळगाव-विजापूरचा पट्टा आणि थोडं गुजरातेत. लखनौ-पाटण्याकडे हे आडनाव फारसं भेटत नाही. तिकडे राजानं जमीन दिली नव्हती असं नाही. तिकडे माफीच्या जमिनी होत्या, माफीदार होते, जागीरदार होते. तमिळ मुलखातही इनाम होतं, पण तिथं माणसं नावाआधी बापाचं किंवा गावाचं अक्षर लावतात, त्यामुळे हुद्दा आडनावात उतरला नाही. मराठी मुलखाची खोड वेगळी. इथं हुद्दा मिळाला की तो घराला चिकटतो आणि नातवाचं आडनाव होतो. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चिटणीस, फडणीस ही सगळी एकेकाळची कामं. फारसीत लिहिणारा तो पारसनीस, आणि पारसनीस हे तर हिंदूंचं आडनाव. गावाची मशीद आणि जनावर हलाल करण्याचं काम ज्याच्याकडे तो मुलाणी. दर्ग्याजवळ राहून सेवा करणारा तो मुजावर. त्याच ओळीत इनामदार बसतो.

म्हणून तर हे आडनाव सगळ्यांत वाटलं गेलं. कित्तूरचे डी. बी. इनामदार कर्नाटकात मंत्री झाले, ते लिंगायत. पुण्यात आझम कॅम्पस म्हटलं की पी. ए. इनामदार हे नाव येतं, ते मुसलमान. आणि 1972 साली बाजीराव-मस्तानीवर 'राऊ' ही कादंबरी लिहिणारे ना. सं. इनामदार मराठी वाचकांना वेगळे सांगायला नकोत.

'राऊ'चा विषय निघाला म्हणून पाबळला जाऊ. शिरूर तालुक्यातलं हे गाव पुण्यापासून साठेक किलोमीटर. माझी फुफी तिथं दिलेली, त्यामुळे लहानपणापासून जाणं-येणं. पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं पहिल्या बाजीरावांनी मस्तानीला इनाम दिली होती. 28 एप्रिल 1740 ला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले, त्याच साली मस्तानीही गेली, आणि तिला पाबळलाच दफन केलं. गावात कोणी त्या जागेला मस्तानीची कबर म्हणतं, कोणी समाधी. दोन्ही शब्द एकाच माणसाच्या तोंडी एकाच वाक्यातही ऐकले आहेत, आणि त्यात कोणाला काही खटकत नाही.

नीट पाहिलं तर मस्तानी ही अगदी शब्दशः इनामदार होती. पण तिच्या वंशानं ते नाव लावलं नाही. मुलगा शमशेर बहाद्दर 1761 साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि त्या जखमांनी गेला. नातू अली बहाद्दर बुंदेलखंडात गेला आणि त्याचं घराणं बांद्याचे नवाब म्हणून ओळखलं गेलं. 1857 च्या बंडात त्याच घराण्यातला दुसरा अली बहाद्दर इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. ते तलवारीचे धनी, त्यांना मोठी नावं मिळाली. इनामदार हे आडनाव राहिलं ते आमच्यासारख्या बारक्या घरांना, ज्यांच्याकडे तीन गावं तर सोडाच, एखाद्या शेताचा तुकडा होता.

तो तुकडा कसा मिळायचा? इनाम एक प्रकारचं नव्हतं. कोणाला पराक्रमाबद्दल, कोणाला पांडित्याबद्दल, कोणाला नुसतं पोटापाण्यासाठी. माणसाला चरितार्थासाठी दिलेल्या जमिनीला फारसी कागदांत 'मदद-ए-माश' म्हणत. दुसरा प्रकार 'मशरूतुल खिदमत', म्हणजे सेवेच्या अटीवर दिलेली जमीन. दर्ग्यावर दिवा लावायचा, झाडलोट करायची, उरसाला संदल काढायचा, वाटसरूला पाणी आणि भाकरी द्यायची. हे करत राहाल तोवर पीक तुमचं. निजामशाहीनं अशी इनामं दिली, आदिलशाहीनं दिली. शिवाजी महाराजांच्या राज्यातही पीर आणि मशिदी यांची दिवाबत्ती स्थान पाहून पूर्वीप्रमाणे चालू ठेवली, हे सभासदानं बखरीत नोंदवलं आहे. पेशवाईतही ती चालली. चिंचवडच्या देव घराण्याला मोरया गोसावींच्या देवस्थानासाठी जी इनामं होती, त्यांची रीत याहून फार वेगळी नव्हती. देऊळ असो की दर्गा, राज्याच्या दफ्तरात दोघांचा रकाना एकच.

इंग्रज आले आणि त्यांनी हिशेब मागितला. एवढी जमीन सारा न भरता कोण खातं, आणि कोणत्या कागदावर? 1852 च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार मिळाले. सनद दाखवा, वहिवाट सिद्ध करा. ज्यांचे कागद वाळवीनं खाल्ले होते त्यांची इनामं गेली. पुढं 1863 च्या कायद्यांनी पुष्कळांना थोडा सारा भरून जमीन कायम करून दिली. त्या थोड्या साऱ्याला आमच्याकडे जुडी म्हणतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात, या सगळ्याचे रुमाल आहेत. मोडी आणि फारसी कागद एकाच रुमालात बांधलेले असतात. कोणाचे पूर्वज इथले आणि कोणाचे बाहेरचे, यावर जे टीव्हीवर घसा कोरडा करतात त्यांनी एकदा तिथं जाऊन बसावं. गावाच्या हिशेबात पिराची दिवाबत्ती आणि भैरोबाचा नैवेद्य शेजारी-शेजारी लिहिलेला आढळेल.

स्वातंत्र्यानंतर 1952 च्या कायद्यानं जात इनामं रद्द झाली. व्यक्तीच्या नावावरची इनामदारी संपली आणि चांगलंच झालं. कसणाऱ्याला जमीन मिळाली. देवस्थान इनाम मात्र त्यातून वगळलं. महसुली भाषेत ते वर्ग 3 चं इनाम. सातबाऱ्यावर मालक म्हणून देवाचं किंवा पिराचं नाव, खाली वहिवाटदाराचं. ही जमीन विकता येत नाही.

इथं माझ्या घरातली गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या गावच्या दर्ग्याची काही एकर जमीन अशीच. तीन पिढ्या ज्वारी-बाजरीपलीकडे तिच्यात काही आलं नाही, तोवर ती कोणाला आठवली नाही. मग रस्ता रुंद होणार असल्याची बातमी आली आणि शहरातल्या भावकीला गाव आठवलं. एक एजंट आला. कागद कसे फिरवायचे ते त्याला माहीत होतं. काही भाऊबंद म्हणाले, "दर्ग्याला काय लागतं? दोन वेळ अगरबत्ती. बाकीचा पैसा पोरांच्या शिक्षणाला लागू दे." बोलणं अगदीच वाईट नव्हतं. पोरांच्या फिया सगळ्यांनाच भरायच्या होत्या. माझे मोठे चच्चा त्या बैठकीत बराच वेळ गप्प होते. शेवटी एवढंच म्हणाले, "जमीन पीर की है. अपन खाली 'दार' हैं, मालिक नै." त्यांनी सही दिली नाही. त्यांच्यानंतर त्यांच्या मुलांशी दोन घरं आजही बोलत नाहीत. लग्नाच्या पत्रिका येतात, माणसं येत नाहीत.

चच्चा शाळेत फार शिकलेले नव्हते, व्याकरण त्यांना ठाऊक नव्हतं. पण आडनावाची फोड त्यांनी बरोबर केली. आपल्यातले पुष्कळ लोक 'इनाम' या अर्ध्यावर मिरवतात. आमची एवढी जमीन होती, आमच्या दारात घोडी होती. आडनावाचा दुसरा अर्धा भाग सांगतो की दिलेलं सांभाळायचं असतं. अमानत हा शब्द आपण वाझमध्ये वर्षानुवर्षं ऐकतो. आमच्या घरात त्याचा दाखला सातबाऱ्यावरच छापलेला आहे.

आता नवा प्रश्न आहे. माझ्या भावाच्या मुलाला पासपोर्ट काढायचा आहे आणि त्याला इनामदार नको, नुसतं शेख हवं. त्याचं म्हणणं, आखातात हे आडनाव कोणाला उच्चारता येत नाही. आणि इथं आधी हिंदू समजतात, मग फसवल्यासारखं बघतात. त्यापेक्षा सरळ शेख बरं. त्याचा त्रास खरा आहे, मी तो नाकारत नाही. आपल्या समाजात हे गेली काही दशकं चालूच आहे. तांबोळी, बागवान, पिंजारी, मणियार, शिकलगार अशी कितीतरी घरं दाखल्यावर नुसती शेख झाली. कोणाला धंद्याची लाज वाटली, कोणाला ते जास्त इस्लामी वाटलं, कोणाच्या बाबतीत मास्तरांनीच रजिस्टरात 'मुसलमान' लिहून विषय संपवला. पुढं ओबीसीचा दाखला काढायची वेळ आली तेव्हा पिंजाऱ्याची मुलं आपण पिंजारी आहोत याचा पुरावा शोधत आजोबांच्या शाळेचं जुनं रजिस्टर हुडकत फिरली. आडनाव टाकायला एक अर्ज पुरतो. ते परत सिद्ध करायला पिढी जाते.

इनामदाराला आरक्षण नाही, त्यामुळे आमच्या मुलाचं तसं नुकसान होणार नाही. मी त्याला सांगितलं ते वेगळं. शेख हे नाव मोठं आहे, पण ते जगभर आहे. ते तू कुठला हे सांगत नाही. इनामदार हे नाव सांगतं की या मातीत कोणीतरी तुझ्या पूर्वजावर विश्वास टाकून एक काम सोपवलं होतं आणि गावानं ते लिहून ठेवलं. समोरचा गोंधळतो, तर गोंधळू दे. त्यानं विचारलेला तो दुसरा प्रश्न आपल्याला बोलायची संधी देतो. मुसलमान आणि इनामदार एकत्र कसे, हे त्याला दोन मिनिटांत सांगता येतं, आणि ऐकून घेणारे खूप असतात.

त्यानं अजून ठरवलेलं नाही. फॉर्म त्याच्याकडेच आहे, आणि तो हक्कही त्याचाच. पण गेल्या उरसाला तो गावी आला होता. संदल निघायच्या आधी दर्ग्याचं अंगण झाडायचं असतं, ते काम इनामदारांच्या घराचं. यंदा खराटा त्यानं घेतला. झाडून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "काका, पुढच्या वर्षी कोण करणार?" मी म्हटलं, ज्याचं आडनाव इनामदार, तो.