कोऱ्या पानाचा उजेड

नोएडातल्या तिच्या घरात अंधार जरा लवकरच पडतो. फ्लॅट पहिल्या मजल्यावर, समोर दुसरी उंच इमारत आणि खोलीतली एकुलती एक ट्यूबलाइट नेमकी जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर. एरवी याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, आगगाड्या थांबल्या, विमाने थांबली, आणि साताऱ्याला एकटी राहणारी आई तेवढी मोबाइलच्या पडद्यावर उरली.

आईला ऐकू कमी येते. कानात यंत्र असले तरी निम्मे बोलणे ती समोरच्याच्या ओठांवरून ओळखते. मास्कमुळे तेही गेले. दूधवाला, औषधे आणून देणारा शेजारचा मुलगा, सगळ्यांची तोंडे झाकलेली. दिवसभरात उघडे तोंड दिसायचे ते एकच, लेकीचे, संध्याकाळी साडेसातला. आणि नेमके तेच काळे!

‘‘अगं, तू कुठायस? नुसती सावली बोलतेय,’’ आई म्हणायची आणि भलत्याच प्रश्नाचे उत्तर द्यायची. लेकीने विचारावे गोळ्या संपल्या का, आईने सांगावे, हो, पाऊस पडून गेला.

दोष मोबाइलचा नव्हता. पाठीमागे झगझगीत दिवा असला की कॅमेरा त्या उजेडाचा हिशेब धरतो आणि चेहरा काळवंडतो. ट्यूब बंद केली, तर चित्रात नुसत्या मुंग्या. टॉर्च लावून पाहिला, तर डोळे दिपले आणि चेहरा भुतासारखा दिसला. टेबललॅम्प आणावा, तर दुकाने बंद आणि जीवनावश्यक वस्तूंखेरीज घरपोच काही येत नव्हते.

तोड निघाली ती मुलाच्या अभ्यासातून. त्याने निबंधासाठी संगणकावर कोरे पान उघडले आणि अंधाऱ्या खोलीत त्याचा चेहरा असा उजळला, की ती हातातले ताट तसेच धरून बघत राहिली. दिवा घरातच होता की!

त्या संध्याकाळी तिने पान पडदाभर पसरले, पडद्याचा प्रकाश पूर्ण वाढवला आणि पुढ्यात साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवला. हातभर अंतरावरून फारसा फरक पडेना. संगणक दीड वितीवर ओढला, तेव्हा चेहरा दिसू लागला. जवळचा उजेड आणि लांबचा उजेड यांत इतके अंतर असते, हे स्वयंपाकघरात वीस वर्षे वावरूनही तिच्या ध्यानात आले नव्हते. मग चष्म्याच्या काचांत दोन पांढरे चौकोन चमकू लागले. दोन जाड पुस्तकांवर संगणक उंच ठेवून पडदा थोडा खाली झुकवला, तसे तेही गेले. रात्री पडदा आपोआप पिवळट व्हायचा, ती सोय बंद केली. नाहीतर आईने कावीळच ठरवली असती. उलट निव्वळ पांढऱ्या पानाने चेहरा निळसर, आजारी वाटे. फिकट बदामी पान बरे पडले. टेबलावर पांढरा टॉवेल अंथरला, तर हनुवटीखालची सावलीही निघाली. सिनेमावाले शूटिंगला थर्मोकोलचा पांढरा तक्ता धरतात, तो याच कामासाठी.

आता काही संगणकांत पडद्याच्या कडा उजळण्याची सोय आयती मिळते. तेव्हा तिला साखरेचा डबाच कामी आला.

आईने चष्मा पुसला, मोबाइल जवळ धरला. ‘‘आत्ता दिसलीस!’’ ती खुदकन हसली. भाजी कसली केलीस, हे तिला पहिल्या खेपेला कळले. मग ती एकदम गप्प झाली.

‘‘डोळ्यांखाली हे काय गं? झोपत नाहीस का?’’

पतीचा पगार एप्रिलपासून निम्म्यावर आला होता. साताऱ्याला हे कळू द्यायचे नाही असे दोघांनी ठरवले होते, आणि काळोख्या चित्रात ते सोपेही होते. तिने मुलाला आतल्या खोलीत पाठवले. मग एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवत तिने सगळे सांगितले.

आईला एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही.