एका पातेल्यातलं पथ्य

घरात एकाचं डाएट सुरू झालं की वेगळ्या स्वयंपाकाचा विषय निघतोच. माझं मत याबाबतीत पक्कं आहे: वेगळं काही रांधायचं नाही. सकाळचे डबे, ऑफिस, मुलाची शाळा हे सगळं उरकून स्वतःपुरतं दुसरं पातेलं चढवणारी बाई आठवडाभरात दमते आणि मग पथ्यच सोडून देते. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवायचं सूत्र महाराष्ट्रात घरोघरी पोचलं, त्याचं एक कारण मला हेच वाटतं. ते पाळायला निराळं काही शिजवावं लागत नाही.

पातेलं एकच ठेवायचं, वाढण्यात फरक करायचा. मटकीचंच बघा. आदल्या दिवशी सकाळी भिजत घालायची, रात्री फडक्यात घट्ट बांधायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोड फडक्यातून डोकावतात. कांदा, गोडा मसाला, आमसूल, नखाएवढा गूळ, रस्सा जरा जास्त. सासूबाईंना दातांचा त्रास आहे, त्यांची उसळ डावाच्या पाठीने चेचून मऊ भातावर घालते. मुलगा मैदानावरून भुकेजून येतो, त्याला पाव आणि वर मूठभर फरसाण. यांना दोन भाकऱ्या. मी मोठी वाटी भरून उसळ घेते, तेवढीच काकडीची कोशिंबीर आणि एक भाकरी. चौघं एका वेळी, एकच पदार्थ जेवतो. वजन उतरवणाऱ्या माणसाला पंगतीतून उठवलं की ते पथ्य टिकत नाही, असा माझा अनुभव आहे.

कोशिंबिरीत दाण्याचं कूट मी पानात वाढताना घालते, ज्याचं त्याला हवं तेवढं. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. कुटाची बरणी हाताशी असली की भाजीत, आमटीत, खिचडीत मूठ पडतेच. म्हणून दाणे भाजून ठेवते आणि लागतील तेवढेच खलबत्त्यात कुटते. चवही ताजी लागते.

पण खरं काम मंडईत होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसासाठी माणशी ४०० ग्रॅम भाजी आणि २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चौघांचा आठवड्याचा हिशेब मांडला तर भाजी अकरा किलोंवर जाते! पाव किलो गवार, पाव किलो भेंडी अशा बेताने भरलेली पिशवी तिथवर पोचतच नाही, आणि ती भूक मग पोळी-भात भरून काढतात. मी आता दुधी, लाल भोपळा, कोबी, काकडी किलोने घेते. आठवड्याचा क्रम भाजीच्या टिकण्यावर लावते: मेथी, शेपू, चाकवत पहिल्या दोन दिवसांत, मग गवार-घेवडा-दोडका, शेवटी कोबी आणि भोपळा. पालेभाजी आणली त्याच संध्याकाळी निवडून ठेवायची. न निवडलेली जुडी फ्रिजमध्ये असली की दमलेल्या दिवशी हात बटाट्याकडेच जातो.

तेलाचंही तसंच. वाण्याच्या यादीत तेल महिन्याचं असतं, मी मात्र दर रविवारी पाऊण लिटर वेगळ्या बाटलीत काढते. शुक्रवारी बाटलीचा तळ दिसला की शनिवारी भजी होत नाहीत, भाजी वाफेवर होते. यात कुणाला काही सांगावं लागत नाही. फरसाण पाव किलोच आणायचं, मोठं पाकीट स्वस्त पडत असलं तरी.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल मला फार वाटतं. आपल्याकडे रांधणारी बाई शेवटी जेवते आणि उरलेलं संपवते. पातेल्यातला डावभर भात, मुलाने टाकलेली अर्धी पोळी, कढईला लागलेली भाजी. अन्न वाया घालवायचं नाही हा संस्कार चांगलाच, पण त्याचं ओझं एकटीच्या अंगावर चढतं. शिवाय आपले उरल्यासुरल्याचे पदार्थ, फोडणीचा भात काय किंवा फोडणीची पोळी काय, सगळे तेलातच परतलेले. सकाळच्या घाईत तिच्या वाट्याला नाश्ता म्हणून तेच येतं. कितीही निग्रह असला तरी उरलेलं पातेलं समोर असताना तो पुरत नाही.

त्यामुळे मी कणीक भिजवण्याआधी प्रत्येकाला विचारते, किती पोळ्या? तांदूळ अंदाजाने न घेता वाटीने मोजते, आणि भात थोडा कमीच लावते. कमी पडला तर मुलासाठी दुधाबरोबर पोहे आहेत. जेवणं झाली की उरलेलं लगेच डब्यात काढून झाकते. भात उरला तर तो दुसऱ्या दिवशी ताक घालून दहीमिरचीबरोबर चौघांच्या पानात जातो, चमचा चमचा का होईना.