काट्याचा शून्य कुठला?

कोल्हापूर

चि. रेवा,


दाजींनी ‘टायरात 32 हवा ठेव’ म्हणून सांगितलं आणि तिकडच्या पंपावर आकडा दोन-अडीचच्या पुढं जाईना, म्हणून तू बुचकळ्यात पडलीस. दोघंही बरोबर आहेत. दाजींचे 32 म्हणजे पीएसआय, दर चौरस इंचावर इतके पौंड. जर्मनीतल्या पंपावरचे 2.2 म्हणजे बार. हवा तेवढीच. पण ‘एकाच गोष्टीला इतकी मापं कशाला, सगळ्यांनी पास्कल वापरावं ना’ असं पुढं लिहिलंस, ते साखर कारखान्यात जन्म काढलेल्या इन्स्ट्रुमेंट फिटरला विचारायला नको होतंस. आता वाच.

पास्कल या नावाला 1971 साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि हे माप फारच बारीक आहे. मी लिहितोय तो कागद टेबलावर सपाट पडलाय, त्याचा दाबसुद्धा एक पास्कल भरत नाही. मग टायरला काय दोन लाख वीस हजार म्हणायचं? आमच्या बॉयलर हाउसमध्ये सगळे ‘केजी’ म्हणतात. 45 केजीचा बॉयलर म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर 45 किलो वजनाचा दाब. कागदोपत्री हे माप मागं पडलं, पण डायलवर ते छापलेलं आहे आणि माणसांच्या डोक्यातही. तुझ्याकडचा एखादा म्हातारा मेकॅनिक ‘आट्यू’ म्हणतो का बघ. ते आमचं केजीच. हवामानखात्यांनी मात्र शहाणपणा केला. मिलिबारचं हेक्टोपास्कल केलं आणि आकडे होते तेच राहिले, त्यामुळं कुणी कुरकुरलं नाही.

या सगळ्याचं मूळ इटलीतल्या विहिरींवर आहे. ओढून घेणारा पंप पाणी साधारण दहा मीटरच्या वर चढवत नाही, हे तिथल्या पंपवाल्यांना ठाऊक होतं. का, ते कुणाला सांगता येत नव्हतं. गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली यानं पाण्याऐवजी पारा घेतला, तो पाण्याच्या 13.6 पट जड. पाऱ्यानं भरलेली नळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली, तर आतला पारा उतरून 76 सेंटीमीटरवर थांबला. नळी पारा ओढत नाही, बाहेरची हवा त्याला ढकलून धरते, असं त्यानं 1644 साली पत्रातून मित्राला कळवलं.

तसं असेल तर डोंगरावर हवा कमी, म्हणजे पाराही खाली यायला हवा. हे ताडून बघायचं, ज्याच्या नावाचं ते माप आहे त्या पास्कलनं ठरवलं, पण तो पॅरिसात आणि डोंगर क्लेरमाँपाशी. त्यानं थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, पेरिएला, कामाला लावलं. (दाजींना कामाला लावायची रीत जुनी आहे, त्यांना वाचून दाखव.) 19 सप्टेंबर 1648 ला पेरिएनं एक नळी गावातल्या मठात ठेवून तिच्यापाशी एका साधूला दिवसभर बसवलं आणि दुसरी घेऊन तो प्वी द दोमच्या माथ्यावर गेला. वर पारा तीन इंचांहून जास्त उतरला. खालचा दिवसभर जागचा हलला नाही.

तोरिचेल्लीची ही नळी मी कारखान्यात रोज बघत होतो, फक्त ती तीन मजली होती. साखरेचा पाक उघड्यावर आटवला तर करपतो, रंग बिघडतो. म्हणून पॅनमधली हवा काढून तो साठ-पासष्ट अंशांवर उकळवतात. ही युक्ती 1813 ची, हॉवर्ड नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञाची. पॅनची वाफ कंडेन्सरमध्ये जाते, गार पाण्यानं तिचं पाणी होतं, आणि ते सगळं दहा-अकरा मीटर उंचीच्या उभ्या पाइपातून खालच्या हौदात पडतं. पाइपाचं तोंड हौदात बुडालेलं. बाहेरची हवा हौदातलं पाणी पाइपात चढवते, पण दहा मीटरच्या वर तिचं बळ संपतं, म्हणून पॅनपर्यंत पाणी कधी पोचत नाही. ना व्हॉल्व्ह, ना मोटर.

पॅनवरचा व्हॅक्युम गेज इंचांत असतो, पाऱ्याच्या इंचांत. आणि खरी गंमत इथं आहे. तो काटा बाहेरच्या हवेपासून खाली मोजतो, आणि बाहेरची हवा सगळीकडं सारखी नाही. समुद्रकाठी ती 30 इंचांच्या आसपास, आमच्या पठारावर 28. काटा 25 दाखवत असेल तर किनाऱ्यावरच्या पॅनमध्ये पाच इंच दाब उरलेला असतो, आमच्याकडं तीनच. नवा पोरगा समुद्रकाठच्या हिशेबानं लिहिलेल्या पुस्तकातला आकडा घेऊन यायचा आणि व्हॅक्युम कमी आहे म्हणून पंपाशी झटापट करत बसायचा. जुना पॅनमन पॅनचं तापमान बघायचा, नमुना काचेवर घेऊन दाणा बघायचा आणि पोराला चहा आणायला पाठवायचा. माझ्या मते पीएसआय का बार हा वाद दुय्यम आहे, गुणाकार कुणीही करेल. शून्य कुठं धरलाय, ते आधी विचारावं. तुझा टायर पूर्ण बसला तरी आत बाहेरच्याएवढी हवा असतेच, आणि गेज मात्र शून्य दाखवतो.

रक्तदाबाचंही तसंच. 120/80 हे पाऱ्याचे मिलिमीटर, बाहेरच्या हवेच्या वर मोजलेले. पहिली मोजणी स्टीफन हेल्सनं घोडीवर केली, धमनीत काचेची नळी बसवून. रक्त आठ फूट तीन इंच चढलं, असं त्यानं 1733 च्या पुस्तकात लिहिलंय. पाऱ्याची यंत्रं आता विषारी म्हणून मोडीत निघाली, डिजिटल आली, तरी आकडा पाऱ्याचाच.

तुझ्या आईनं असलंच एक मशीन घेतलंय आणि सोफ्यावर रेलून, हात खाली सोडून मोजते. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली गेला की आकडा सात-आठनं चढतो, कारण मधल्या रक्ताच्या स्तंभाचं वजन त्यात मिळतं. मग दिवसभर काळजी करत बसते. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला, आणि मोजताना बोलायचं नाही, एवढं तिला फोनवर सांग. ताई माझं ऐकत नाही, तुझं ऐकते.

तुझा,
मामा