दहा मिनिटं थांब ना!

बाबांना १५ वर्षांचा डायबेटिस. नवा बूट करंगळीला चावला, पण पायाची संवेदनाच कमी, त्यामुळे त्यांना कळलंच नाही. आणि मी? ‘डेडलाइन आहे हो बाबा!’ म्हणत दोन रविवार घरी फिरकलेच नाही. तिसऱ्या रविवारी वास आला, तेव्हा मोजा काढायला लावला.

ऑपरेशनमध्ये सडलेल्या भागाबरोबर करंगळीही गेली. मग जखमेत स्पंज, वर प्लास्टिकची फिल्म, नळी आणि बेडशेजारी मशीन. ते जखमेत सलाइन सोडतं, दहा मिनिटं तसंच राहू देतं, मग साडेतीन तास उणे १२५ मिलिमीटर दाबाने सगळी घाण खेचत राहतं. पुन्हा सलाइन. दिवसरात्र. दोन-तीन दिवसांनी नवा स्पंज.

‘‘पाऊल वाचेल ना?’’

‘‘रक्तपुरवठा चांगला आहे. बघू,’’ डॉक्टर म्हणाले.

रात्री मशीनच्या घरघरीत मी लॅपटॉप उघडला. बाबा हसले. ‘‘हे बघ, मशीनसुद्धा दहा मिनिटं थांबतं माझ्यापाशी.’’ मी लॅपटॉप मिटला.

पाऊल वाचलं. आता आई रोज त्यांचे तळवे बघते, रविवारी माझी ड्यूटी. तुमच्या घरी कुणाला शुगर आहे? मग आजच मोजे काढायला लावा!